डावा समास

४ मार्च

ताई,

एक पुस्तक बांधायला दोन पुठ्ठे लागतात, दीड वीत कापड, दोन हात दोरा आणि वाटीच्या तळाला राहील एवढी खळ. वेळ म्हणशील तर सुकणं सोडून पाऊण तास. तुझ्या जहाजाच्या पुस्तकाला मला याच्यावर सतरा वर्षं पडली आणि एक बहीण. एवढं महागाचं काम माझ्या कारखान्यातून दुसरं गेलेलं नाही.

बघ, बसलो नाही तोच धंद्याचं बोलायला लागलो. पत्र फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड. पत्ता मिळवताना माझी दमछाक झालीय. तुझ्या पेन्शनच्या कचेरीतला कारकून म्हणाला, "पत्ता देता येत नाही, नियम आहे." मी म्हटलं, "साहेब, तुमच्या टेबलावरचं हे रजिस्टर पाठीतून सुटलंय, पानं गळतील." तिथल्या तिथे सुई-दोरा काढून शिवून दिलं. मग त्याने रजिस्टर माझ्याकडे तोंड करून ठेवलं आणि स्वतः पाणी प्यायला गेला. तुझं नाव तिसऱ्या ओळीत होतं.

बातमी अशी की आम्ही घर सोडतोय. माझे गुडघे आता जिन्याशी बोलत नाहीत. लेकीने तळमजल्यावरच्या दोन खोल्या शोधल्यात, महिनाअखेरीला जायचं. परवा ती टेप घेऊन आली, तिकडच्या भिंतींची मापं वाचून दाखवली आणि म्हणाली, "बाबा, एक तर तुम्ही मावाल, नाही तर पुस्तकं." तुझी भावजय आतून म्हणाली, "पुस्तकं घे. ती निदान घोरत नाहीत."

तर पुस्तकं वाटून टाकायचं ठरलं. अकराशे त्रेसष्ट आहेत. त्यातली दोनशे बारा तुझी, बदली झाली तेव्हा ट्रंकेत घालून माझ्याकडे ठेवून गेलीस ती. बाकी मी जमवली. सगळ्यांना एकच तपकिरी कापड, पाठीवर सोनेरी नंबर. चार कपाटं भरून दिसतात तेव्हा भले भले उंबऱ्यातच थबकतात. आमच्या बँकेचा मॅनेजर एकदा म्हणाला, "हे सगळं वाचलंय तुम्ही?" मी म्हटलं, "साहेब, आपलं शिक्षण चौथीपर्यंत. पण वाचून झाल्याशिवाय एकही पुस्तक या कपाटात गेलेलं नाही." तेव्हापासून तो मला उठून खुर्ची देतो.

तुझ्या दोनशे बारांतली तुला कोणती हवीत ते कळव. वार्डातल्या बायकांना जी वाचून दाखवायचीस ती सगळी धड आहेत. फक्त जहाजाचं ते एक सोडून. तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. त्याला वाळवी लागली होती, म्हणून तर दुकानातून नवी कोरी प्रत आणून पाठवली. तू ती उलट टपाली परत केलीस, वर चार शब्द, "मला हे नको होतं." मीही मग गप्प बसलो. कामाचा रगाडा होता, तुला ठाऊकच आहे.

तब्येत सांभाळ. गोळ्या वेळेवर घे, असं मी एका नर्सला सांगतोय, हे लक्षात आलं.

तुझा,
बारक्या

१२ मार्च

ताई,

उत्तर नाही. असू दे. मी आपला लिहितो, तू आपली गप्प राहा. लहानपणी उलटं होतं.

वाटप जोरात सुरू आहे. मला वाटलं होतं लोकांच्या पाया पडावं लागेल, तर माणसं पिशव्या घेऊन यायला लागली. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने दोन फळ्या नेल्या. त्याला म्हटलं, "कोणत्या विषयाची देऊ?" तो म्हणाला, "बारीक अक्षराची द्या. गिऱ्हाईक मान खाली घालून बसलं की मागचे केस नीट कापता येतात." मोठ्या बाईंनी शाळेसाठी तीनशे नेली, प्रत्येकाचं शेवटचं पान आधी वाचून. मी विचारलं तर म्हणाल्या, "शेवटी कोणी कोणाचा मुका घेत नाही ना, तेवढं बघते." आणि दातांच्या डॉक्टरने माणूस पाठवून बाहेरच्या बाकासाठी चाळीस मागितली. नंबराने सलग असावीत, शेल्फात शोभा येते म्हणाला. मी एकसष्टपासून शंभरपर्यंत काढून दिली. फार विचार केला नाही. म्हणजे, केला. ते पुढे सांगेन.

काल दुपारी शिंपी आला. तुला आठवणार नाही कदाचित. बाजारातल्या शिंपीगल्लीत तिसरी मशीन त्याची. उंच, खांदे पडलेले, गळ्यात टेप. आत येईना. उंबऱ्यातूनच म्हणाला, "सिस्टरांची पुस्तकं तुमच्याकडे आहेत असं न्हावी म्हणत होता. एक चोराचं होतं. विसरभोळा चोर असतो, चोरी करून स्वतःचीच चप्पल तिथे सोडून येतो, ते."

"असेल. नंबर बघावा लागेल. लहान मुलासाठी का?"

"नाही हो. आमची आई खाट सातवर होती. सिस्टर रोज चारच्या पुढे वाचायच्या. आई गेली तेव्हा मी खूप रडलो, तर सिस्टर म्हणाल्या, रडू नको, तुझी आई कुठपर्यंत पोचली ते मी पुस्तकात लिहून ठेवलंय, कधीही येऊन बघ. मग शिलाईत दिवस गेले. आज निघालो."

मी पुस्तक काढलं. एकशे एकोणीस नंबर. तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि पान पान उलटायला लागला. मी त्याच्यासमोर उभा, हातात झाडू. शिंप्याची बोटं कागदाला इस्तरी केल्यासारखी फिरतात. मधेच तो थांबला, पुस्तक डोळ्यांशी नेलं.

"इथे काहीतरी लिहिलेलं होतं की हो. हे बघा, पेन्सिलीचं शेपूट आहे. एक काना आणि अर्धी मात्रा. बाकीचं कुठे गेलं?"

मी म्हटलं, "कागदच जुना आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. कापड आटलं की शिंप्याने कापलं, हे ज्याला नजरेने कळतं, त्याला मी हे सांगत होतो. पण माणूस भला. "हो, जुना झाला," म्हणाला. "तरी नेऊ का?" मी म्हटलं न्या. जाताना पायऱ्यांवर दोनदा थांबला. माझे कान अजून शाबूत आहेत ताई, हेच वाईट. त्याने जिन्यात नाक शिंकरलेलं मला वर ऐकू आलं.

बारक्या

१३ मार्च

ताई,

वाळवी नव्हती.

कालचं पत्र पेटीत टाकून आलो आणि जेवण गेलं नाही. आता सरळ लिहितो, तुला जसं ऐकायचं तसं ऐक.

आई तुझ्या वार्डात सव्वीस दिवस होती. मी दोनदा आलो. एकदा तिला पोचवायला आणि एकदा न्यायला. मधे शाळांच्या डायऱ्यांचं काम होतं, बारा हजार, आयुष्यातलं पहिलं मोठं काम. वार्डातल्या फोनवर मी रोज "उद्या येतो" म्हणायचो. एकदा "उद्या नक्की" म्हटलं. त्या नक्कीच्या दिवशी कटिंग मशीनचं पातं बोथट झालं, धार लावून आणण्यात दिवस गेला. दुसऱ्या दिवशी आलो तर आईच्या खाटेवरची गादी उलटी करून ठेवली होती.

मग तुझी बदली झाली, ट्रंक माझ्याकडे आली. पुस्तकं कशी होती तुलाच माहीत. कोपरे दुमडलेले, औषधांचे डाग, पाठी फाटलेल्या. मी ठरवलं, आईसाठी नाही जमलं ते या पुस्तकांसाठी करायचं. ताईला एक दिवस सगळी बांधून दाखवायची. कोणाला हात लावू दिला नाही. दोनशे बारा पुस्तकं मी एकट्याने बांधली, जेवणाच्या सुट्टीत आणि रविवारी.

आमच्या कामात शिवून झालं की पुस्तक मशीनखाली जातं. वरून, खालून आणि समोरून कापायचं, कडा आरशासारख्या व्हायला हव्यात. साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कापतात. तुझ्या पुस्तकांचे कोपरे इतके दुमडलेले होते की मी तीन सूत कापलं. समासात पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं दिसत होतं. मला वाटलं कोणीतरी घाण केलीय. साफ होतंय याचं मला बरंच वाटलं, ताई. पातं नुकतंच धार लावून आणलेलं. लोण्यासारखं चाललं.

कात्रणांची पोती अंडीवाल्याकडे जायची, पेटीत अंड्यांच्या मधे भरायला. ती गेली.

दोन महिन्यांनी तुझं पत्र आलं. "बाकी राहू दे, फक्त जहाजाचं पुस्तक पाठव. समासात खुणा आहेत, प्रत्येक बाई कुठपर्यंत ऐकत होती त्या. आईचीही आहे." मी ते पत्र मशीनपाशी उभं राहून वाचलं. मग कपाटातून पुस्तक काढलं आणि कडेवरून अंगठा फिरवला. इतकी सुंदर कड मी परत कधी कापलेली नाही.

तेव्हा सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी दुकानात गेलो आणि नवी प्रत घेतली.

आणि कालच्या पत्रातलं खरं हे, की डॉक्टरला एकसष्ट ते शंभर दिली ती शोभेसाठी नाही. जहाजाचा नंबर अठ्ठ्याऐंशी. वाटपाच्या पहिल्याच दिवशी, चाळिसांच्या मधे दडवून, मी ते घराबाहेर काढलं.

बारक्या

१६ मार्च

ताई,

शिंपी परत आला. या वेळी आत आला, न बोलावता. काखेत अस्तराच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी. म्हणाला, "रागावू नका, तुमची शिलाई उसवली."

उघडून बघतो तर एकशे एकोणीस. पुठ्ठे वेगळे, पानांचे जुडगे वेगळे, दोरा नीट गुंडाळून बाजूला ठेवलेला. बाइंडरलासुद्धा इतकं स्वच्छ उसवता येत नाही.

"तुमची पद्धत मला दिसली," तो म्हणाला. "पाठीपासून बोटभर आत भोकं पाडून आरपार शिवलंय. म्हणजे तेवढा कागद शिलाईत गेला. आम्ही शिवणीत कापड दाबतो ना, तसा. म्हटलं दाबलेलं आहे, कापलेलं नाही. उसवून तरी बघू."

आणि त्याने एक पान माझ्यापुढे धरलं. उजव्या हाताचं पान, त्याचा डावा समास, पाठीच्या बाजूचा. तुझं अक्षर. "खाट ७. इथे डोळा लागला. चोराची बाजू घेत होत्या."

तो हसत होता आणि डोळे पुसत होता. "आई आमची तशीच हो. भाजीवाल्याने मारलं तरी त्याचीच बाजू घेतली असती."

मी मात्र वेगळाच हिशेब करत होतो. तू वार्डाच्या तक्त्यावर जन्मभर डाव्या रकान्यात लिहिलंस, तशीच पुस्तकातही प्रत्येक पानाच्या डाव्याच समासात लिहीत गेलीस. डाव्या हाताच्या पानाचा डावा समास बाहेर येतो, तो मी कापला. उजव्या हाताच्या पानाचा डावा समास आत येतो, तो मी शिवला. म्हणजे निम्म्या बायका अंड्यांबरोबर गेल्या, निम्म्या माझ्याच दोऱ्याखाली बसून आहेत.

आणि आई?

शिंप्याला तसाच बसवून मी निघालो. गुडघे कुठे गेले होते कोण जाणे, जिना मी उतरलेला आठवत नाही. दवाखान्यातल्या शेल्फात सत्त्याऐंशी होतं, एकोणनव्वद होतं, मधे भोक. बाकावर एक लठ्ठ गृहस्थ, गाल टोमॅटोसारखा सुजलेला, माझं तपकिरी पुस्तक नाकाशी धरून बसले होते.

मी म्हटलं, "माफ करा, ते पुस्तक माझं आहे."

त्यांनी गाल धरून सांगितलं, "थांबा. शेवटची वीश पानं राहिलीत."

"मला फार निकड आहे हो."

"मलाही. माझी दाढ काढायचीय. हे वाचतोय तोवर ठणका कळत नाही."

आतून डॉक्टरने त्यांच्या नावाने हाक मारली. गृहस्थ म्हणाले, "माझा नंबर यांना द्या." डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाला, "या, तुमचं काय दुखतंय?" पुस्तकाचं सांगायला मी तोंड उघडलं. त्याने आत नेऊन बसवलं आणि दिवा लावला. बत्तीस होते त्यातले एकवीस उरलेत असं निदान केलं. बाहेर आलो तेव्हा गृहस्थांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं, दोन्ही हातांनी. "छान आहे," म्हणाले. "शेवट तर काय सांगू!"

"नका सांगू," मी म्हटलं.

घरी आलो तेव्हा शिंपी निघून गेला होता. हिने विचारलं, "एवढं धावत कुठे गेला होता?" मी पुस्तक खोक्यांवर ठेवलं. आज उसवायचं धाडस नाही. घाईत मी आता पुस्तकाला कात्री लावत नाही. एकदा लावली तेवढी पुरे.

बारक्या

१७ मार्च

ताई,

दुपारचे तीन वाजलेत. सकाळी खोक्यांच्या मधे चटई टाकून बसलो. समोर ही, मांडीवर परात, उसवलेला दोरा ठेवायला. चाळीस वर्षांत हिने माझ्या कामाला पहिल्यांदा हात लावला. म्हणाली, "घाई करू नका. ती काही कुठे जात नाही आता."

माझीच शिलाई, पण दाद देईना. मी तेव्हा दोरा दुहेरी घेतला होता. कान लावून एकेक टाका तोडत गेलो. दोरा तुटला की एक बारीक आवाज येतो. पहिली खूण पान तेविसावर निघाली, "खाट २, ऐकता ऐकता बोट लागली, मळमळतंय म्हणून जेवल्या नाहीत." एकेचाळिसावर, "खाट ९ घरी गेली. पुढचं ऐकायला परत येईन म्हणाली." डावीकडच्या पानांवर नुसती शेपटं, काने, एक अनुस्वार. त्यांच्याकडे बघायला मला धीर होत नव्हता. हिने प्रत्येकावर बोट ठेवलं, मोजल्यासारखं.

आईची खूण पान एकशे सदुसष्ट. उजव्या हाताचं.

चष्मा ओला झाला होता म्हणून हिने वाचलं. मोठ्याने वाचलं, तू वार्डात वाचायचीस तसं. "आई इथपर्यंत. वाचन थांबवायला सांगितलं. म्हणाली, बारक्या उद्या नक्की येणार आहे, पुढचं त्याच्याकडून ऐकेन. तो वाचून दाखवेल."

ही उठून आत गेली आणि नळ सोडून बसली.

मी शहाणा माणूस समजतो स्वतःला. माणूस दारात आला की त्याच्या पावलांवरून सांगतो, वसुलीला आलाय की कामाला. पण हे कळायला मला सतरा वर्षं लागली. तुला ते पुस्तक स्वतःसाठी हवं नव्हतंच. माझ्या नजरेला पडू नये म्हणून मागितलंस. गडबडीत ट्रंक दिलीस, मग आठवलं आत काय आहे ते. आणि तुझ्या हाती आली कोरी करकरीत प्रत. तुला काय वाटलं असेल? की बारक्याने वाचलं, आणि आईचा शब्द बाजूला ठेवून बहिणीला कोरा समास पाठवला. "मला हे नको होतं." बरोबरच लिहिलंस.

मी वाचलं नव्हतं गं. एवढंच माझ्या बाजूने आहे आणि ते काही फार नाही. कोणी तुला सांगितलं असतं की भावाने आईचं शेवटचं मागणं वाचलंच नाही, कारण ते त्याने स्वतःच शिवून टाकलं होतं, तर तू तरी काय केलं असतंस?

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गादी उलटी होती त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडलो होतो, की आधी का नाही कळवलंस. तेव्हा हे एक वाक्य तू माझ्या तोंडावर फेकू शकली असतीस. नाही फेकलंस. बदलीच्या गावी निघून गेलीस.

तुझी उरलेली पुस्तकं आता कोणाला देत नाही, दिलेली कालच परत मागवली. शिंपी आजपासून रोज चारला येणार, आम्ही दोघं मिळून उसवणार. डॉक्टरने शेल्फातली तुझी सगळी दिली, मोठ्या बाईंनी शाळेतली अठ्ठावीस परत पाठवली, न्हावी सहा द्यायला कुरकुरला पण दिली. नव्या घरी कपाट एकच मावतं, त्यात एवढीच जातील. परत बांधणार नाही. पुठ्ठ्यात सैल ठेवेन, नाडी बांधून. ज्यांच्या खुणा निघतील त्यांच्या घरचे कोणी आले तर दाखवेन. ज्यांच्या कापल्या त्यांना काय सांगायचं ते अजून ठरत नाही. खरं सांगायचं, असं ही म्हणते.

जहाजाचं तुला पाठवत नाही. तू बोलावलंस तर घेऊन येईन. बोलावलं नाहीस तरी पुस्तक माझ्याकडे आहे, धड आहे, वाळवी नाही.

मघाशी ही तोंड धुऊन बाहेर आली. पान एकशे सदुसष्ट परत हातात घेतलं, वरून खाली वाचलं. गोष्टीतला जहाजावरचा स्वयंपाकी डेकवर उभा आहे, समोर दिवा दिसतोय, तो बंदराचा की दुसऱ्या जहाजाचा ते कळत नाही, तिथे पान संपतं. हिने विचारलं, "पुढे काय होतं हो? पोचतो का तो घरी?"

मला माहीत नाही, ताई. हे पुस्तक मी वाचलेलं नाही. अकराशे त्रेसष्टांतलं एकही वाचलेलं नाही.

बारक्या